डाळिंबावरील तेल्या : एका रोगकारक जिवाणूच्या रेणवीय अभ्यासाची प्रस्तावना

तेल्या हा डाळिंबाच्या पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर येणारा जिवाणूजन्य रोग आहे. झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिसी या जिवाणूमुळे तो होतो. सोलापूर जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत डाळिंबाचे स्थान मोठे आहे, म्हणून या रोगाचा अभ्यास येथे केवळ प्रयोगशाळेतला विषय राहत नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांत एका पावसाळी आठवड्यात बागेचे वर्षभराचे उत्पन्न जाऊ शकते. ते का जाते आणि ते कसे वाचवता येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना संशोधकाला जिवाणूच्या जनुकांपर्यंत आणि प्रथिनांपर्यंत जावे लागते.

सोलापूर हा कमी आणि बेभरवशाच्या पावसाचा जिल्हा. हलकी, मुरमाड जमीन आणि कोरडी हवा ही धान्यपिकांची अडचण होती. डाळिंबाला मात्र हीच परिस्थिती मानवते. हे झाड पाण्याचा ताण सोसते, पाण्याचा निचरा होणारी जमीन त्याला लागते आणि कोरड्या हवेत फळाला रंग चांगला येतो. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू केला, त्याच काळात ठिबक सिंचन खेड्यांपर्यंत पोहोचले आणि माळरानांवर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात डॉ. जी. एस. चीमा यांच्या निवडीतून आलेला ‘गणेश’ हा वाण बरीच वर्षे प्रमुख होता. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कामातून ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि ‘भगवा’ हे वाण आले. जाड साल, गडद केशरी-लाल रंग आणि लांबच्या वाहतुकीत टिकणारे फळ यांमुळे ‘भगवा’ निर्यातीचा वाण ठरला आणि जुन्या वाणांना मागे सारून जवळजवळ सर्वत्र पसरला. सोलापूरच्या डाळिंबाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले.

या यशातच एक धोका होता. डाळिंबाची अभिवृद्धी मुख्यतः गुटी कलमाने होते. गुटीतून तयार झालेले रोप आनुवंशिकदृष्ट्या मातृवृक्षाची प्रतच असते. हजारो हेक्टरांवर एकाच वाणाची, एकाच आनुवंशिक घडणीची झाडे उभी राहिली म्हणजे एका झाडावर यशस्वी झालेल्या जिवाणूला पुढच्या झाडावर नवा अडथळा भेटत नाही. शिवाय रोगट मातृवृक्षावरून घेतलेल्या गुटीबरोबर जिवाणूही प्रवास करतो आणि जिथे तो कधी नव्हता अशा शिवारात पोहोचतो. तेल्या दूरच्या अंतरावर पसरला तो बहुतांशी रोपांमधून.

रोगाची लक्षणे ओळखण्यास फारशी अवघड नाहीत. पानावर प्रथम लहान, पाणी शोषल्यासारखे, उजेडात धरल्यास पारदर्शक दिसणारे ठिपके येतात. ते पुढे तपकिरी-काळे होतात आणि त्यांच्याभोवती पिवळे वलय दिसते. ठिपके एकमेकांत मिसळले की पान गळते. फांदीवर, विशेषतः पेऱ्यापाशी, काळे चट्टे पडतात. चट्ट्याने फांदीला वेढा घातला की ती तिथे तडकते आणि मोडते. फळावरचे डाग तेलकट, काळपट असतात. फळ वाढत असताना डागाच्या जागची साल ताणली जाते आणि फळाला चिरा पडतात. आतले दाणे सुरुवातीला चांगले असले तरी डागाळलेल्या फळाला बाजारात किंमत उरत नाही, आणि निर्यातीच्या प्रतवारीत तर ते बसतच नाही.

वनस्पतींना जिवाणूंमुळे रोग होतो ही गोष्ट विज्ञानाने उशिरा स्वीकारली. अमेरिकेतील इलिनॉय येथे थॉमस बरिल यांनी १८७८ मध्ये नासपतीच्या करप्याचा संबंध जिवाणूशी जोडला, तेव्हा अनेक युरोपीय शास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. बुरशी हेच पिकांच्या रोगांचे खरे कारण, असा समज दृढ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाद मिटला. पिवळ्या रंगाच्या वसाहती करणाऱ्या वनस्पतिरोगकारक जिवाणूंसाठी झँथोमोनास ही प्रजाती १९३९ मध्ये स्थापन झाली. आज या प्रजातीचे जिवाणू सुमारे चारशे जातींच्या वनस्पतींवर रोग करतात असे मानले जाते. लिंबावरील खैऱ्या, भातावरील कडा करपा, कपाशीवरील कोनात्मक ठिपके, कोबीवरील काळी कूज हे त्यांपैकी शेतकऱ्यांच्या परिचयाचे रोग.

या प्रजातीच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पतिरोगशास्त्र प्रयोगशाळेत एम. के. पटेल, वाय. एस. कुलकर्णी, व्ही. पी. भिडे, एल. मोनीझ यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत अनेक जिवाणूजन्य रोगांचे प्रथम वर्णन केले. आंब्यावरील जिवाणूचे वर्णन १९४८ मधले, तुरीवरील जिवाणूचे १९५० मधले. रोगट पान आणायचे, त्यातून जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा करायचा, त्याची लक्षणे नोंदवायची आणि तो पुन्हा निरोगी झाडाला टोचून रोग उत्पन्न होतो का ते पाहायचे, अशी ही कामाची पद्धत होती. साधने मोजकी होती, पण निरीक्षण काटेकोर होते. जिवाणूंच्या आंतरराष्ट्रीय यादीत पुण्यात दिलेली नावे आजही आढळतात.

डाळिंबावरील जिवाणूजन्य ठिपक्यांची भारतातील पहिली नोंद १९५२ मध्ये हिंगोराणी आणि मेहता यांनी दिल्लीत केली. १९५९ मध्ये हिंगोराणी आणि सिंग यांनी त्या जिवाणूला झँथोमोनास प्युनिसी हे नाव दिले. त्यानंतर कित्येक दशके हा रोग दुय्यम समजला गेला. डाळिंबाचे क्षेत्रच मर्यादित असल्याने त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस चित्र पालटले. कर्नाटक आणि महाराष्ट्रातील मोठ्या बागांमध्ये रोगाने उग्र रूप धारण केले, अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या आणि तेल्या हा शब्द सोलापूरच्या गावोगावी पोहोचला. २००५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू केले. केवळ डाळिंबासाठी असलेल्या या केंद्राच्या कामात तेल्याला सुरुवातीपासूनच अग्रक्रम मिळाला. डॉ. ज्योत्स्ना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा प्रसार, त्याला पोषक हवामान आणि त्याचे व्यवस्थापन यांवर येथे दीर्घकाळ काम केले.

अशा संशोधकाचे काम बागेतून सुरू होते. रोगट पानाचा लहान तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट प्रवाह बाहेर पडताना दिसतो. बुरशीजन्य ठिपक्यातून असा प्रवाह येत नाही, त्यामुळे ही साधी चाचणी पहिला निवाडा करते. पुढे पानाचा पृष्ठभाग निर्जंतुक करून आतला रस पोषक आगरवर पसरतात. दोन-तीन दिवसांत पिवळ्या, गोल, चकचकीत, बुळबुळीत वसाहती उगवतात. एकच वसाहत उचलून पुन्हा पुन्हा वाढवली की शुद्ध संवर्ध मिळतो. तो निरोगी रोपावर फवारून तीच लक्षणे आली आणि त्या रोपातून तोच जिवाणू पुन्हा मिळाला, तरच तो रोगाचे कारण ठरतो. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या आणि पटकीच्या जिवाणूंच्या अभ्यासातून घालून दिलेली ही कसोटी डाळिंबालाही तितकीच लागू होते. पिवळी वसाहत दिसली की तेल्या, असे म्हणता येत नाही. पानांवर निरुपद्रवी पिवळे जिवाणूही राहतात.

हा जिवाणू दंडाकृती, ग्रॅम-ऋण आणि एका टोकाला एकच कशाभिका असलेला आहे. कशाभिकेच्या साहाय्याने तो पाण्याच्या थरात पोहतो; पान ओले नसेल तर त्याला हालचाल करता येत नाही. वसाहतींचा पिवळा रंग झँथोमोनाडिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि ते प्रकाशाच्या दुष्परिणामांपासून पेशीचे रक्षण करते. बुळबुळीतपणा झँथान या बहुशर्करेचा असतो. तिच्या आवरणामुळे जिवाणू कोरडेपणात तग धरतो आणि पानाच्या आत पेशींमधील जागा पाणथळ होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने याच प्रजातीतील दुसऱ्या जिवाणूपासून झँथान गम मिळवला आणि आज तो सॉस, आइस्क्रीम व औषधी द्रावणे घट्ट करण्यासाठी जगभर वापरला जातो. रोगाचे हत्यार असलेला एक रेणू उद्योगाचा कच्चा माल झाला, हे मूलभूत संशोधनाचे लक्षणीय उदाहरण आहे.

रोगाचे चक्र पाण्याभोवती फिरते. फांदीवरच्या जुन्या चट्ट्यांत आणि जमिनीवर पडलेल्या रोगट पानाफळांत जिवाणू कोरडा काळ काढतो. पाऊस आला की थेंबांच्या उडालेल्या तुषारांबरोबर तो खालून वर, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. वादळी पावसात पाने एकमेकांवर घासतात, काट्यांनी ओरखडे पडतात आणि जखमांतून त्याला आत शिरता येते. जखम नसली तरी पर्णरंध्रांतून त्याला वाट मिळते. छाटणीच्या कात्रीनेही तो पसरतो. २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि सलग ढगाळ, दमट हवा असेल तर ठिपके झपाट्याने वाढतात. मे-जूनच्या पाण्यावर धरलेल्या मृग बहाराची फळे नेमकी पावसाळ्यात वाढतात, म्हणून या बहारात तेल्याचा धोका सर्वाधिक असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहाराची फळे हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पोसतात आणि तुलनेने सुरक्षित राहतात. शेतकऱ्याचा बहाराचा निर्णय हा अशा रीतीने जिवाणूच्या जीवनक्रमाशी थेट जोडलेला आहे.

इथपर्यंतचा अभ्यास पारंपरिक सूक्ष्मजीवशास्त्राने शक्य होता. पुढच्या प्रश्नांना रेणवीय जीवशास्त्राची गरज पडली. पहिला प्रश्न ओळखीचा होता. दिसण्यात आणि जैवरासायनिक चाचण्यांत झँथोमोनासचे अनेक गट सारखेच ठरतात. फरक पडतो तो कोणत्या वनस्पतीवर रोग होतो यात. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्गीकरणाचे नवे नियम आले तेव्हा शेकडो जुन्या जाती एका जातीत विलीन करून त्यांना आश्रयी वनस्पतीनुसार पॅथोव्हार ही उपसंज्ञा देण्यात आली. डाळिंबाचा जिवाणू त्या वेळी कँपेस्ट्रिस या जातीत गेला. १९९५ मध्ये बेल्जियममधील घेंट येथील गटाने डीएनएच्या साम्यावर आधारलेले वर्गीकरण मांडले आणि तो ॲक्झोनोपोडिस या जातीत आला. संपूर्ण जीनोमची तुलना शक्य झाल्यावर त्याचे खरे नाते लिंबावर खैऱ्या करणाऱ्या सिट्री या जातीशी असल्याचे दिसले आणि आता अनेक संशोधक त्याला तिच्यातच गणतात. हे नाते समजल्याचा व्यावहारिक लाभ आहे. खैऱ्यावर ब्राझील, अमेरिका आणि चीन येथे झालेले मोठे संशोधन तेल्याच्या अभ्यासकाला आधार म्हणून वापरता येते.

दुसरा प्रश्न वेळेत निदान करण्याचा होता. लक्षणे दिसण्याआधीच रोपवाटिकेतील मातृवृक्षात जिवाणू आहे की नाही हे कळले, तर रोगट रोप विकले जाणार नाही. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पॉलिमरेझ साखळी अभिक्रियेने, म्हणजेच पीसीआरने, हे शक्य केले. डीएनएच्या वळ्यांचा ताण सांभाळणाऱ्या गायरेझ या विकराचे एक उपघटक जनुक, जायआर-बी, जवळच्या जिवाणूंमध्येही थोडे वेगळे असते. त्यातील वेगळेपणाच्या जागा हेरून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. कल्याण मंडल यांच्या गटाने तेल्याच्या जिवाणूसाठी पीसीआर चाचणी विकसित केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. अशा चाचणीत संवर्ध वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. काही तासांत उत्तर मिळते. तिचा खरा उपयोग रोगाने भरलेल्या बागेत नसून रोपवाटिकेत आहे, कारण भरलेल्या बागेतला रोग डोळ्यांनाही दिसतो.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलभूत होता : जिवाणू रोग उत्पन्न करतो तो नेमका कसा? वनस्पतिरोगकारक जिवाणूचा पहिला संपूर्ण जीनोम २००० मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी वाचला. तो झायलेला या जिवाणूचा होता. दोन वर्षांनी त्याच देशात खैऱ्याच्या जिवाणूचा जीनोम पूर्ण झाला. डाळिंबाच्या जिवाणूच्या जीनोमचा पहिला मसुदा २०१२ मध्ये चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. प्रभू पाटील यांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यासाठी घेंटच्या संग्रहात जपून ठेवलेला या जिवाणूचा जुना संवर्ध वापरला होता. सुमारे पन्नास लाख अक्षरांच्या या जीनोममध्ये काही हजार जनुके आहेत. त्यांतली बहुतेक जिवाणूच्या दैनंदिन जीवनासाठी लागतात. रोगासाठी लागणारी थोडीच आहेत, आणि ती शोधून त्यांचे कार्य सिद्ध करणे हे रेणवीय अभ्यासाचे केंद्र आहे.

वनस्पतीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी नसतात, पण तिच्या प्रत्येक पेशीत संरक्षणाची व्यवस्था असते. पेशीच्या पटलावरील ग्राही प्रथिने जिवाणूंच्या ठरावीक खुणा ओळखतात. कशाभिकेतील फ्लॅजेलिन ही त्यांपैकी एक. खूण पटली की पेशी सावध होते, पर्णरंध्रे मिटतात, ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात आणि पेशीभित्तिकेवर कॅलोज या बहुशर्करेचा थर साचतो. बहुसंख्य जिवाणू इथेच अडतात. रोगकारक जिवाणूला पुढे जायचे तर ही व्यवस्था निकामी करावी लागते. त्यासाठी त्याच्याकडे तिसऱ्या प्रकारची स्रावण यंत्रणा असते. ती इंजेक्शनच्या सुईसारखी असून तिच्यातून जिवाणू आपली प्रथिने थेट वनस्पतीच्या पेशीत सोडतो. या प्रथिनांना इफेक्टर म्हणतात. ग्राहींकडून आलेला संदेश ती मधेच तोडतात, संरक्षणाची प्रथिने निष्प्रभ करतात आणि पेशीचे व्यवहार जिवाणूला सोयीचे करून देतात.

तेल्याच्या जिवाणूतील झॉप-एन या इफेक्टरवर मंडल यांच्या गटाने केलेले काम याचे चांगले उदाहरण आहे. त्यांनी या इफेक्टरचे जनुक निकामी केलेला जिवाणू तयार केला आणि मूळ जिवाणूशी त्याची तुलना केली. जनुक हरवलेला जिवाणू डाळिंबाच्या पानात पुरेसा वाढू शकला नाही आणि पानात कॅलोजचा थर अधिक साचला. म्हणजे मूळ जिवाणू याच प्रथिनाच्या साहाय्याने पेशीचे संरक्षण दडपत होता. एक जनुक काढायचे, परिणाम पाहायचा, जनुक परत घालून रोगक्षमता परत येते का ते तपासायचे : कॉख यांची जुनी कसोटी आता अख्ख्या जिवाणूऐवजी एका जनुकाला लावली जाते. वेगवेगळ्या इफेक्टरसाठी हे काम करण्यात संशोधकाची कित्येक वर्षे जातात.

अशी स्रावण यंत्रणा ही वनस्पतींच्या रोगांपुरती मर्यादित गोष्ट नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि नंतर महाराष्ट्रभर हाहाकार माजवणारा प्लेगचा जिवाणू आणि विषमज्वराचा साल्मोनेला हेही तिसऱ्या प्रकारची स्रावण यंत्रणा वापरतात. त्यांची इफेक्टर प्रथिने वेगळी, पण तत्त्व एकच. त्यामुळे डाळिंबाच्या पानावर काम करणारा संशोधक आणि रुग्णालयातल्या जिवाणूंचा अभ्यासक यांना एकमेकांचे निष्कर्ष उपयोगी पडतात. झँथोमोनासच्या काही जातींत टाल या नावाचे इफेक्टर असतात. ते वनस्पतीच्या डीएनएवर ठरावीक जागी बसून तिचीच जनुके जिवाणूच्या फायद्यासाठी चालू करतात. कोणता टाल कोणत्या जागी बसेल याची संकेतलिपी २००९ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतील गटांनी उलगडली आणि तिच्यातून जनुक संपादनाचे एक तंत्र जन्माला आले. हे तंत्र आज मानवी रोगांच्या उपचारांतही वापरले जाते.

रेणवीय ज्ञानाची सर्वांत तातडीची गरज औषधांच्या बाबतीत आहे. तेल्यावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लीनची फवारणी होत आली. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या या उत्पादनात स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन ही दोन प्रतिजैविके असतात. दोन्ही जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, आघात करतात. स्ट्रेप्टोमायसीनमुळे प्रथिनांची जुळणी चुकते, तर टेट्रासायक्लीन जुळणीसाठी येणारे नवे घटक अडवते. पण रायबोसोमच्या एका प्रथिनात एका जागी बदल झाला तरी स्ट्रेप्टोमायसीन निष्प्रभ ठरू शकते. दुसऱ्या जिवाणूकडून प्रतिरोधाची जनुके मिळण्याचा मार्गही खुला असतो. स्ट्रेप्टोमायसीनचे रासायनिक रूप बदलून ते निकामी करणारी जनुके अनेक देशांतील बागांमधल्या जिवाणूंत सापडली आहेत, आणि ती एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी घेऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर असतात. तांबेयुक्त औषधांविरुद्धही अशीच प्रतिरोधाची जनुके ज्ञात आहेत.

बागेतला हा प्रतिरोध बागेतच राहील याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शात्झ यांनी ते शोधले आणि लाखो रुग्णांचे प्राण त्याने वाचवले. असे औषध फळबागेत वारंवार फवारणे म्हणजे जमिनीतल्या आणि पानांवरच्या असंख्य जिवाणूंना प्रतिरोधाची संधी देणे होय. केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यामागे हीच चिंता होती. तेल्यावरील उपायांचा विचार प्रतिजैविकांच्या पलीकडे जाऊनच करावा लागेल.

तसा विचार सोलापुरात झाला आहे आणि त्याची फळे दिसली आहेत. शिफारशी साध्या आहेत. फळे काढल्यावर बागेला पुरेशी विश्रांती द्यायची. रोगट फांद्या चट्ट्याच्या बऱ्याच खालून छाटायच्या, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करायची आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. पडलेली पाने-फळे वेचून नष्ट करायची, जमिनीवर ब्लिचिंग पावडरचे द्रावण फवारायचे. शक्य तिथे मृग बहार टाळून हस्त बहार धरायचा. झाडाला संतुलित अन्नद्रव्ये द्यायची. लागवडीसाठी रोगमुक्त मातृवृक्षावरची किंवा ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे घ्यायची. यांतील प्रत्येक सूचनेमागे जिवाणू कुठे राहतो, कशाने पसरतो आणि कोणत्या हवेत वाढतो याचे प्रयोगांनी तपासलेले ज्ञान आहे. ज्या बागायतदारांनी हा क्रम सलग पाळला आणि शेजारच्या बागांनीही तो पाळला, तिथे तेल्याची तीव्रता घटली. एकट्या बागेची स्वच्छता पुरेशी पडत नाही, कारण पावसाचे तुषार बांध ओळखत नाहीत.

कायमचा उपाय रोगप्रतिकारक वाणाचा. भाताच्या बाबतीत भारताने तो करून दाखवला आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. रमेश सोंटी यांच्या गटाने आणि तेथील भात संशोधन संस्थेने कडा करप्याविरुद्धची तीन जनुके सांबा महसुरी या लोकप्रिय वाणात आणली. हा सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. जनुकीय खुणांच्या साहाय्याने केलेल्या पारंपरिक संकरातून तो तयार झाला. डाळिंबात हे काम अधिक कठीण आहे. लागवडीखालच्या वाणांत पूर्ण प्रतिकारक्षमता आढळलेली नाही. हिमालयाच्या उतारांवरचे ‘दारू’ हे रानटी डाळिंब आणि ‘नाना’ हे शोभेचे ठेंगणे डाळिंब यांच्याकडे संशोधक आशेने पाहतात, पण त्यांच्या फळांत आंबटपणा आणि बी यांचा भर असतो. संकरानंतर गोडी, रंग आणि आकार परत आणायला झाडांच्या कित्येक पिढ्या लागतात आणि झाडाची एक पिढी म्हणजे काही वर्षे. केगावच्या केंद्राने २०१७ मध्ये प्रसारित केलेल्या ‘सोलापूर लाल’ या वाणाच्या वंशावळीत भगवा, गणेश, नाना आणि दारू ही चारही नावे आहेत. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेला हा वाण पोषणमूल्यासाठी ओळखला जातो. तेल्यापासून पूर्ण मुक्ती त्याने दिलेली नाही, मात्र रानटी आणि लागवडीचे गुण एकत्र आणता येतात हे त्याने दाखवले. जिवाणूचे इफेक्टर वनस्पतीच्या कोणत्या प्रथिनांवर काम करतात हे कळले, तर जनुक संपादनाने तीच लक्ष्ये बदलण्याचा मार्ग उघडेल. संत्रावर्गीय झाडांत खैऱ्याविरुद्ध असे प्रयोग यशस्वी झाले आहेत.

रोगकारक जिवाणूवर आयुष्य घालवणाऱ्या संशोधकाच्या कामाचे स्वरूप या सर्वांतून स्पष्ट होते. प्रयोगशाळेत एका जनुकाचे कार्य सिद्ध करायला वर्षे लागतात. बागेतल्या प्रयोगाला पावसाची वाट पाहावी लागते. पाऊस लवकर उघडला तर रोग येत नाही आणि तो हंगाम वाया जातो. एका वर्षाच्या निष्कर्षावर शिफारस करता येत नाही, निदान दोन-तीन हंगामांचे पुरावे लागतात. दरम्यान जिवाणू बदलत असतो आणि मर, खोडकिडा यांसारखी नवी संकटे बागेत येत असतात. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाइतकेच बांधावर समजावून सांगितलेले एक वाक्य महत्त्वाचे असते, कारण ते पाळले गेले तरच शोधाला अर्थ येतो.

तेल्याच्या संशोधनाने आतापर्यंत दिलेला निष्कर्ष असा आहे : हा रोग एखाद्या जालीम औषधाने आटोक्यात आलेला नाही, पण जिवाणूचे जीवन समजून घेतल्याने तो आटोक्यात येऊ शकतो हे सिद्ध झाले आहे. अजून बरेच काम शिल्लक आहे. इफेक्टरांची लक्ष्ये शोधायची आहेत, बागांतल्या प्रतिरोधाची नियमित मोजणी करायची आहे, रोपवाटिकांसाठी स्वस्त आणि जलद चाचण्या तयार करायच्या आहेत, जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा उपयोग पडताळायचा आहे. केगावात राष्ट्रीय संशोधन केंद्र आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एकाच परिसरात आहेत आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी डाळिंबाची बाग आहे. रोगकारक जिवाणूंच्या रेणवीय अभ्यासासाठी विषय शोधायला त्यांनी दूर जाण्याचे कारण नाही. तो त्यांच्या शिवारात आहे, आणि त्याच्या उत्तरांची वाट पाहणारे शेतकरीही तिथेच आहेत.